महासंगणकाची देखभाल : ड्रायव्हर व फर्मवेअर अद्ययावत करण्याची पद्धत कशी निवडावी?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' मालिकेतील तीन महासंगणक पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यांपैकी एक पुण्याच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपसाठी, दुसरा दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरसाठी आणि तिसरा कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रासाठी आहे. तिन्हींचा एकत्रित खर्च सुमारे १३० कोटी रुपये असून, कोलकात्याच्या यंत्राची क्षमता ८३८ टेराफ्लॉप्स आहे. भौतिकी, विश्वरचनाशास्त्र व भूविज्ञान या विषयांतील गणितांसाठी त्याचा उपयोग व्हावा, अशी योजना आहे. हे यंत्र 'रुद्र' या सर्व्हरवर उभे आहे. हा सर्व्हर पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, देशात विकसित केला.

लोकार्पणाची बातमी सर्वत्र छापून येते. पुढील अनेक वर्षांच्या देखभालीची बातमी सहसा होत नाही. असे यंत्र रोज किती तास उपयोगी पडेल, हे मात्र या देखभालीवरच ठरते. सर्व्हरमधील ड्रायव्हर व फर्मवेअर यांचे वेळोवेळी करावे लागणारे अद्ययावतीकरण हा तिचा एक महत्त्वाचा आणि बराचसा दुर्लक्षित भाग होय. ही अद्यतने कोणत्या स्वरूपात घ्यावीत आणि शेकडो यंत्रांपर्यंत कशी पोहोचवावीत, याचा विचार येथे केला आहे. महासंगणकाच्या निमित्ताने मांडलेले हे विवेचन राज्यांची डेटा केंद्रे, विद्यापीठे, रुग्णालये व सहकारी बँका यांच्या सर्व्हरनाही लागू पडते.

कोलकात्याची परंपरा

भारतातील संगणनाचा इतिहास कोलकात्यापासून सुरू होतो. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ मध्ये इंग्लंडहून आणलेला एचईसी-२एम हा अंकीय संगणक कार्यान्वित झाला. त्यानंतर काही वर्षांतच सोव्हिएत संघाकडून 'उराल' हा संगणक आला. १९६६ मध्ये सांख्यिकी संस्था व जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून 'इसिजू' हा संगणक देशातच तयार केला.

सुरुवातीच्या त्या यंत्रांत निर्वात नलिका होत्या. बिघाड झाल्यास निकामी नलिका शोधून बदलावी लागे. दोष डोळ्यांना दिसत असे आणि दुरुस्ती हाताने होत असे. आजच्या सर्व्हरमध्ये अनेक दोष यंत्राच्या सुट्या भागांत नसून त्या भागांच्या आत साठवलेल्या आज्ञावलीत असतात. त्यांची दुरुस्ती एका फाइलच्या रूपाने येते. ती फाइल योग्य वेळी व योग्य मार्गाने बसवली नाही, तर धडधाकट यंत्रही निकामी होऊ शकते.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर : भेद कोणता?

ड्रायव्हर हा कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा, भाग असतो. नेटवर्क कार्ड, डिस्क नियंत्रक किंवा ग्राफिक प्रक्रियक यांच्याशी कसे बोलावे, हे तो कार्यप्रणालीला सांगतो. तो डिस्कवर साठवलेला असतो. नवा ड्रायव्हर सदोष निघाल्यास जुन्या कर्नलने यंत्र सुरू करून पूर्वस्थितीवर येणे बहुधा शक्य असते.

फर्मवेअर ही त्या त्या भागाच्या स्वतःच्या स्मृतीत कोरलेली आज्ञावली होय. यंत्र सुरू होताच प्रथम जागी होणारी बायॉस किंवा यूईएफआय, मुख्य पाट्यावरील देखरेख नियंत्रक, नेटवर्क कार्ड, डिस्क नियंत्रक, प्रत्येक डिस्क, एवढेच नव्हे तर वीजपुरवठ्याचा संच, अशा प्रत्येकाचे फर्मवेअर वेगळे असते. कार्यप्रणाली पुसून नव्याने बसवली तरी ते तसेच राहते. ते लिहिले जात असताना वीज गेली, तर तो भाग पुन्हा जागा होईलच याची शाश्वती नसते. अनेक उत्पादक यासाठी फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवण्याची सोय करतात. परंतु प्रत्येक भागात ती असते असे नाही.

या दोहोंचा परस्परसंबंध महत्त्वाचा आहे. नेटवर्क कार्डाचा नवा ड्रायव्हर जुन्या फर्मवेअरशी जुळत नाही, किंवा नव्या फर्मवेअरवर जुना ड्रायव्हर अडखळतो, असे प्रसंग नेहमी येतात. त्यामुळे सुट्या फाइलींचा विचार न करता, एकमेकांबरोबर तपासलेल्या आवृत्त्यांच्या संपूर्ण संचाचा विचार करावा लागतो. अशा संचाला 'आधाररेषा' म्हणता येईल.

दुर्लक्ष आणि घाई : दोन्हींची किंमत

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या काही घनावस्था डिस्कबाबत एक सूचना प्रसिद्ध केली. फर्मवेअरमधील दोषामुळे या डिस्क एकूण ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस व ८ तासांनी, कायमच्या बंद पडणार होत्या आणि त्यांतील माहिती परत मिळणार नव्हती. ३२,७६८ ही संख्या म्हणजे २ चा पंधरावा घात होय. त्यावरून तासांची मोजदाद ठेवणाऱ्या जागेची मर्यादा सूचित होते. येथील खरा धोका पुढेच आहे. एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून सर्व्हरमध्ये अनेक डिस्कचा गट केलेला असतो. परंतु एकाच दिवशी सुरू झालेल्या सर्व डिस्क एकाच वेळी बंद पडल्या, तर या व्यवस्थेचा काहीही उपयोग होत नाही. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे मुदतीपूर्वी फर्मवेअर बदलणे. ज्या कार्यालयात सूचना वाचणारे कोणी नव्हते, तेथे हा धोका कोणाच्या ध्यानातही आला नसता.

घाईचीही उदाहरणे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये प्रक्रियकांतील 'स्पेक्टर' व 'मेल्टडाउन' हे दोष जाहीर झाले. त्यावर इंटेलने दिलेल्या मायक्रोकोडमुळे काही यंत्रे अनपेक्षितपणे पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागली. २२ जानेवारी रोजी कंपनीलाच ते अद्यतन बसवणे थांबवण्यास सांगावे लागले. हा मायक्रोकोड दोन मार्गांनी पोहोचत होता. काहींनी तो कार्यप्रणालीच्या पॅकेजमधून घेतला होता. प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना तो नव्याने भरला जात असल्याने, पॅकेज मागे घेताच त्यांचे काम भागले. ज्यांनी तो बायॉसच्या अद्यतनातून घेतला होता, त्यांना प्रत्येक यंत्राचे बायॉस पुन्हा लिहावे लागले. सुधारणा एकच असूनही केवळ वेष्टन निराळे असल्याने माघारीचे श्रम कितीतरी पटींनी वाढले.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर एकाच वेळी वितरित झाली. कर्नलमध्ये चालणाऱ्या तिच्या ड्रायव्हरने ती वाचताच विंडोज यंत्रे बंद पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रांना त्याचा फटका बसला. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली. परंतु बंद पडलेल्या यंत्रांपैकी अनेकांजवळ जाऊन ती एकेक करून सोडवावी लागली. अद्यतन आधी थोड्या यंत्रांवर आणि मग सर्वांवर, हा साधा क्रम पाळला असता तर हानी मर्यादित राहिली असती.

वेष्टनाचे चार प्रकार

सर्व्हरची अद्यतने सामान्यतः चार स्वरूपांत उपलब्ध असतात.

*पहिला प्रकार : स्वतंत्र कार्यकारी पॅकेज.* एका फाइलमध्ये फर्मवेअर, ते लिहिणारी आज्ञावली आणि ते त्या यंत्राला लागू आहे की नाही हे तपासणारी यंत्रणा, असे सर्व काही असते. चालू कार्यप्रणालीतून ती चालवली की काम होते. काही भागांसाठी यंत्र नंतर पुन्हा सुरू करावे लागते. मोजक्या यंत्रांसाठी ही पद्धत सोयीची आहे. मात्र पॅकेज ज्या कार्यप्रणालीसाठी तयार केले आहे तीच आपल्याकडे असली पाहिजे. महासंगणकाच्या गणनयंत्रांवर वेग राखण्यासाठी कार्यप्रणाली काटकसरीने बसवलेली असते. पॅकेजला लागणारे सहायक घटक तेथे नसण्याचा संभव असतो.

*दुसरा प्रकार : बूट होणारी प्रतिमा.* संपूर्ण तपासलेला संच एका आयएसओ फाइलमध्ये असतो. यंत्र त्यावरूनच सुरू केले जाते आणि सर्व भाग योग्य क्रमाने अद्ययावत होतात. सर्व्हरवर कोणती कार्यप्रणाली आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. इंटरनेटची जोडणी नसलेल्या जिल्हा कार्यालयासाठी किंवा नव्याने आलेल्या यंत्रांना प्रथमच एका पातळीवर आणण्यासाठी हा मार्ग उत्तम आहे. त्या काळात यंत्र पूर्णपणे बंद राहते, ही त्याची मर्यादा.

*तिसरा प्रकार : रिपॉझिटरी.* लिनक्सवरील इतर सॉफ्टवेअरप्रमाणेच ड्रायव्हरही आरपीएमसारख्या पॅकेजच्या रूपाने एका साठ्यात ठेवले जातात व तेथून घेतले जातात. ड्रायव्हरसाठी हीच पद्धत स्वाभाविक होय. येथे एक उपप्रश्न उद्भवतो. कर्नल बदलला की त्याबरोबर ड्रायव्हरही जुळवावा लागतो. 'डीकेएमएस' या व्यवस्थेत प्रत्येक यंत्र आपला ड्रायव्हर स्वतःच संकलित करते. त्यासाठी प्रत्येक यंत्रावर संकलक व कर्नलच्या शीर्षक फाइली ठेवाव्या लागतात. वेगवेगळ्या कर्नलची थोडी यंत्रे असतील, तर ही सोय वाटते. परंतु शेकडो यंत्रे एकसारखी असताना तेच काम शेकडो वेळा करण्यात अर्थ नाही. एकदा संकलन करून, तपासून, स्वाक्षरी करून एकच पॅकेज सर्वांना देणे अधिक विश्वसनीय ठरते. गणनयंत्रे नेटवर्कवरून एकाच सामाईक प्रतिमेने सुरू होत असतील, तर काम आणखी सोपे होते. ड्रायव्हर त्या प्रतिमेत बदलला की पुढच्या वेळी सुरू होणारे प्रत्येक यंत्र तोच घेते. जुनी प्रतिमा जपून ठेवली की माघारीचीही व्यवस्था होते.

*चौथा प्रकार : देखरेख नियंत्रकामार्फत.* सर्व्हरच्या मुख्य पाट्यावर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, संक्षेपाने बीएमसी, म्हणतात. मुख्य यंत्र बंद असतानाही तो जागा असतो. डीएमटीएफ या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'रेडफिश' या मानकामुळे निरनिराळ्या उत्पादकांच्या नियंत्रकांना एकाच भाषेत आज्ञा देणे शक्य झाले. फर्मवेअरची फाइल कोठे आहे एवढे सांगितले की नियंत्रक ती घेतो, तपासतो आणि लिहितो. कार्यप्रणाली बसवलेली नसली तरी हे काम होते आणि एका मध्यवर्ती यंत्रावरून अनेक सर्व्हरना एकाच वेळी आज्ञा देता येते. मात्र सर्वच डिस्क व कार्डे या मार्गाने अद्ययावत होतात असे नाही. दुसरे असे की, ज्याच्या हाती हा नियंत्रक गेला त्याच्या हाती संपूर्ण यंत्र गेले. म्हणून देखरेखीचे नेटवर्क स्वतंत्र ठेवणे, मूळ परवलीचे शब्द बदलणे आणि खुद्द नियंत्रकाचे फर्मवेअर अद्ययावत ठेवणे अत्यावश्यक आहे.

निवड कशी करावी?

कोणतीही एक पद्धत सर्वश्रेष्ठ मानून चालत नाही. कोणत्या भागासाठी कोणती, असा प्रश्न विचारला की उत्तर बरेच सुलभ होते.

- ड्रायव्हर आणि मायक्रोकोड यांसाठी रिपॉझिटरी किंवा सामाईक प्रतिमा निवडावी. येथे माघार सोपी असते.
- बायॉस आणि देखरेख नियंत्रक यांसाठी नियंत्रकाचा मार्ग योग्य ठरतो, कारण कार्यप्रणालीच्या गुंतागुंतीपासून तो मुक्त असतो.
- डिस्क व विशेष नेटवर्क कार्डे यांसाठी, नियंत्रकाचा मार्ग उपलब्ध नसल्यास, स्वतंत्र पॅकेज वापरावे. परंतु त्या वेळी यंत्रावर कोणतेही काम चालू नसावे.
- नवे यंत्र, दूरचे कार्यालय किंवा फार मागे पडलेली आवृत्ती, अशा वेळी बूट होणारी प्रतिमा घ्यावी.

मार्ग कोणताही असो, फाइल उत्पादकाकडून एकदाच उतरवून, तिची अंकीय स्वाक्षरी पडताळून, संस्थेच्या स्वतःच्या साठ्यात ठेवावी. प्रत्येक सर्व्हरने थेट इंटरनेटवरून फाइल आणणे सुरक्षेच्या दृष्टीने घातक असते. शिवाय दोन यंत्रांवर दोन निरनिराळ्या आवृत्त्या बसण्याचाही धोका असतो.

वितरणाचा क्रम

वितरणाची सुरुवात नोंदवहीपासून होते. कोणत्या यंत्रात कोणता भाग आहे आणि त्यावर कोणती आवृत्ती चालू आहे, हे माहीत नसेल तर अद्यतन करणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय. त्यानंतर नव्या संचाची टिपणे वाचून प्रत्येक बदल का हवा, याचा निर्णय घ्यावा. सुरक्षेचा किंवा माहिती गमावण्याचा प्रश्न असेल तर तातडी करावी. केवळ नवी सोय असेल तर ठरलेल्या देखभालीच्या दिवसापर्यंत थांबावे.

मग चाचणी. एक-दोन गणनयंत्रे यासाठी राखून ठेवावीत. अद्यतनानंतर यंत्र सुरू झाले, एवढ्यावर समाधान मानू नये. स्मृतीचा वेग, नेटवर्कचा वेग आणि एखादे परिचित गणित यांची आधीच्या आकड्यांशी तुलना करावी. बायॉसच्या अद्यतनाने काही वेळा सेटिंग मूळ स्थितीवर जातात आणि यंत्र चालत असले तरी संथ होते. महासंगणकात हजारो प्रक्रियक एकमेकांची वाट पाहत पुढे जातात. त्यांतील एक संथ झाला की सारे गणित त्याच्याच गतीने चालते.

प्रत्यक्ष वितरण गटागटाने करावे. महासंगणकावर कामांची रांग सांभाळण्यासाठी 'स्लर्म'सारखी आज्ञावली असते. एखाद्या यंत्राला नवे काम देऊ नये, चालू काम मात्र पूर्ण होऊ द्यावे, अशी आज्ञा तिला देता येते. रिकामे झालेले यंत्र अद्ययावत करायचे, तपासायचे व पुन्हा रांगेत आणायचे. समजा, १०० यंत्रे आहेत आणि प्रत्येकाला अर्धा तास लागतो. एकेक करून गेल्यास ५० तास लागतील. दहा-दहाच्या गटाने ५ तासांत काम होईल. सर्वांना एकदम आज्ञा दिल्यास अर्धा तास पुरेल, परंतु संच सदोष असल्यास शंभरही यंत्रे एकदम गमावतील. म्हणून प्रथम एक, नंतर पाच, नंतर दहा, असे गट वाढवत न्यावेत. पहिल्या गटात दोष आढळताच आपोआप थांबण्याची व्यवस्था हवी.

कोलकात्यासारख्या शहरात हवामानाचाही विचार करावा लागतो. २० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान चक्रीवादळाने शहराच्या अनेक भागांतील वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित झाला होता. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज जाणे घातक असल्याने वादळाच्या इशाऱ्याच्या काळात किंवा अखंडित वीजपुरवठ्याची बॅटरी कमकुवत असताना असे काम हाती घेऊ नये. आणखी एक बारकावा आहे. काही फर्मवेअर आधी केवळ साठवले जाते आणि यंत्र पुढच्या वेळी सुरू होताना लिहिले जाते. अशी अर्धवट कामे बाकी ठेवून आपत्तीपूर्वी यंत्रे बंद केली, तर वीज परत येताच सर्व यंत्रे एकदम फर्मवेअर लिहू लागतील. नेमका तोच काळ वीजपुरवठा अस्थिर असण्याचा असतो. म्हणून नियोजित बंदपूर्वी बाकी कामे रद्द किंवा पूर्ण करावीत. पूजेच्या सुट्टीत यंत्रावरील ताण कमी असतो म्हणून देखभाल ठेवण्याचा मोह होतो. तथापि बिघाड झाल्यास सुटे भाग व तंत्रज्ञ त्याच दिवसांत मिळणे कठीण, हेही विसरू नये.

खरेदीच्या वेळीच विचार

अद्ययावतीकरणाचे बरेचसे प्रश्न निविदेच्या मसुद्यातच सुटू शकतात. एचपी कंपनीने फेब्रुवारी २०१४ पासून आपल्या प्रोलायंट सर्व्हरची काही फर्मवेअर अद्यतने हमीची मुदत किंवा देखभाल करार असलेल्या ग्राहकांपुरती मर्यादित केली. अशा व्यवस्थेत करार संपला की यंत्र चालू राहते, परंतु त्याच्या काही दोषांवरील उपाय मिळेनासा होऊ शकतो. सार्वजनिक संस्थांची यंत्रे हमी संपल्यावरही दीर्घकाळ वापरली जातात. त्यामुळे यंत्राच्या संपूर्ण आयुष्यभर फर्मवेअर मिळेल, रेडफिश मानकाचा आधार असेल, प्रत्येक संचासोबत स्वाक्षरी व सविस्तर टिपणे असतील आणि जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल, या अटी निविदेत स्पष्टपणे लिहाव्यात.

स्वदेशी सर्व्हरच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. परदेशी कंपनीचा सर्व्हर घेतल्यास तपासलेला संच तयार स्वरूपात मिळतो. 'रुद्र'सारख्या यंत्रात पाट्याची रचना देशातील असली, तरी प्रक्रियक, डिस्क व स्मृती यांसारखे भाग निरनिराळ्या उत्पादकांकडून येतात. त्या सर्वांची अद्यतने गोळा करून, एकत्र तपासून, एक आधाररेषा म्हणून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी आता देशातील संस्थांवर येते. हे काम खर्चिक आहे. त्याला कुशल मनुष्यबळ लागते आणि ते एकदा करून संपत नाही. परंतु एका ठिकाणी सापडलेला दोष व त्यावरील उपाय पुणे, दिल्ली व कोलकाता येथे एकाच वेळी उपयोगी पडू शकतो, हा त्याचा मोठा लाभ आहे.

समारोप

१९५६ मध्ये कोलकात्यात पहिला अंकीय संगणक सुरू झाला, तेव्हा यंत्र मिळवणे हेच मोठे काम होते. आज यंत्र देशात तयार होते; ते वर्षानुवर्षे विश्वासार्ह ठेवणे हे पुढचे काम आहे. त्यासाठी अद्ययावत नोंदवही, प्रत्येक भागाला अनुरूप वेष्टन, गटागटाने वितरण आणि माघारीची तयारी या चार गोष्टी पुरेशा आहेत. यांपैकी एकही महाग उपकरणाची मागणी करीत नाही. संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात देखभालीचे दिवस आधी ठरवणे, त्यासाठी जबाबदार व्यक्ती नेमणे आणि सूचना नियमितपणे वाचणे, एवढी शिस्त पाळली तर जनतेच्या पैशातून उभे राहिलेले यंत्र संशोधकाला हवे तेव्हा सिद्ध असेल.